उशाशी जागणाऱ्याची झोप



वसंतातल्या व्याख्यानांना विषयांचा तोटा कधी पडला नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा घातली, तेव्हापासून गावोगावच्या व्यासपीठांवर राज्यकारभार, धर्म, वाङ्मय आणि अर्थकारण यांचा पुष्कळ ऊहापोह झाला. त्या मानाने माझा आजचा विषय फार घरगुती आहे. घरात दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणारे जे दुसरे माणूस असते, त्याच्या थकव्याविषयी आणि त्याच्या झोपेविषयी मला बोलायचे आहे.

या विषयाची एक अडचण आरंभीच सांगून टाकतो. ज्याच्यासाठी हे व्याख्यान आहे तो श्रोता आज या मांडवात बहुधा आलेलाच नाही. संध्याकाळी घर सोडून दीड तास खुर्चीवर निवांत बसणे त्याला परवडत नाही. तेव्हा मी बोलणार आहे ते त्याच्या भावाशी, त्याच्या नणंदेशी, त्याच्या शेजाऱ्याशी. म्हणजे आपल्या सर्वांशी. आणि तेच योग्य आहे. कारण माझे सारे म्हणणे थोडक्यात असे आहे की, शुश्रूषा करणाऱ्याला झोप उपदेशाने मिळत नाही. त्याच्या जागी दुसरे माणूस येऊन बसले म्हणजे मिळते.

जागरण आपल्याला नवे नाही. महाशिवरात्र आहे, कोजागरी आहे, हरतालिकेची रात्र आहे, खंडोबाचे जागरण आहे. परंतु या सर्व जागरणांची दोन लक्षणे आपण ध्यानात घ्यावी. एक तर ती एका रात्रीची असतात, आणि दुसरे म्हणजे ती एकट्याने करायची नसतात. हरतालिकेला बायका जमतात, खेळ खेळतात, गाणी म्हणतात. खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळी असतात, त्यांचे साथीदार असतात. एकाचा आवाज बसला तर दुसरा पुढे होतो. दुसऱ्या दिवशी कोणी दुपारपर्यंत झोपला तर त्याला कोणी नावे ठेवीत नाही. आपल्या पूर्वजांनी रात्र जागवण्याला पुण्य मानले, पण ते पुण्य त्यांनी माणसाला झेपेल एवढ्याच मापाने वाटून दिले.

पहारा या शब्दाकडेच पाहा ना. तो प्रहर या शब्दापासून आला. प्रहर म्हणजे तीन तास, आणि रात्रीचे प्रहर चार. पहारा हे तीन तासांचे काम आहे, प्रहर संपला की माणूस बदलायचा, हे आपल्या भाषेनेच सांगून ठेवले आहे. एकाच शिपायाला चारही प्रहर, आणि तेही वर्षानुवर्षे, दरवाजावर उभा करणारा किल्लेदार शहाणा म्हणवला गेला नसता. शत्रू चाल करून येण्याआधीच त्याचा गड झोपेने जिंकला असता! इस्पितळातही हाच न्याय चालतो. आठ तासांनी, फार तर बारा तासांनी परिचारिकेची पाळी बदलते. जाणारी येणारीला सर्व समजावून देते आणि घरी जाऊन झोपते. तोच रुग्ण घरी आणला की मात्र पाळी एकच उरते, आणि ती संपतच नाही.

असे का झाले? आपली माणसे पूर्वीपेक्षा निष्ठुर झाली असे मला मुळीच वाटत नाही. बदलला आहे तो आजार. विषमज्वराला आपल्याकडे मुदतीचा ताप म्हणत. त्याच्या नावातच मुदत होती. तीन आठवडे उशाशी बसायचे, कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवायच्या, आणि घरात आजी, आत्या, थोरल्या जाऊबाई अशा चार बायका असत, त्या आळीपाळीने बसत. शेवट कधी गोड होई, कधी दुःखाचा होई. पण शेवट होत असे. १९४८ साली क्लोरँफेनिकॉल या औषधाने विषमज्वर बरा होतो असे दिसून आले आणि ती एकवीस रात्रींची परीक्षाही पुढे सौम्य झाली. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. पण वाढलेल्या आयुष्याबरोबर अर्धांगवायू, कंपवात, स्मृतिभ्रंश, मूत्रपिंडाचे विकार हेही घरात मुक्कामाला आले आणि त्यांना मुदत नाही. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे १० कोटी ३८ लाख होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अखिल भारतीय पाहणीत साठीच्या पुढच्यांपैकी शेकडा ७.४ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. यांतल्या बहुतेकांच्या उशाशी एक माणूस जागे असते. आणि आळीपाळीने बसणाऱ्या त्या चार बायका? एक पुण्याला, एक बंगळुरास, एक परदेशी आणि एक घरी. आपली सेवेची कल्पना मुदतीच्या तापाच्या काळातली आहे. आजार मात्र बेमुदत झाला आहे. सारी ओढाताण इथेच आहे.

आता झोप म्हणजे काय, याविषयी शास्त्र काय सांगते ते पाहू. झोप म्हणजे दिवा मालवावा तशी जाणीव मालवणे, अशी पूर्वी समजूत होती. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी निजलेल्या माणसांच्या पापण्यांखालची हालचाल नोंदवली आणि झोपेच्याही निरनिराळ्या अवस्था असतात ही गोष्ट जगापुढे आणली. माणूस हलक्या झोपेतून गाढ झोपेत उतरतो, तिथून स्वप्नांच्या झोपेत येतो, आणि असे सुमारे दीड तासाचे एक आवर्तन पुरे होते. रात्रभरात अशी चार-पाच आवर्तने होतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात मिळतो, स्वप्नांचा पहाटेकडे. रुपयाच्या चार पावल्या केल्या तरी किंमत रुपयाचीच राहते. झोपेचे तसे नाही. रात्री चार वेळा उठलेल्या माणसाने सकाळी तासांची बेरीज करून "सहा तास तर झाले" असे म्हणावे, तर हिशेब बरोबर असूनही शिल्लक चुकते. प्रत्येक वेळी त्याला पायरीवरून पुन्हा उतरावे लागलेले असते, आणि पुष्कळदा तळ गाठण्याआधीच वरून हाक आलेली असते.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, हाक आली नाही तरी नुकसान व्हायचे ते होतेच. जहाजावरच्या ज्या यंत्रज्ञांना रात्री यंत्राची घंटा वाजली तर उठावे लागते, त्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी स्वीडनमधील संशोधकांनी निजेत मोजल्या. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसते ते असे, की घंटा वाजण्याच्या आधीपासूनच त्यांची झोप उथळ झालेली असे. घंटा वाजेल, एवढी शंकाच पुरे होती. आपल्या घरांत हे जहाज रोज रात्री चालते. पलीकडच्या खोलीत खोकला आला का, काठीचा आवाज झाला का, कडी काढून कोणी बाहेर तर गेले नाही ना, याकडे एक कान उघडा ठेवून जे झोपणे होते, त्याला आडवे पडणे म्हणावे. झोप म्हणू नये. तान्हे मूल वाढवलेल्या प्रत्येक आईला हे कोणत्याही प्रयोगावाचून ठाऊक आहे. फरक एवढाच की, तान्ह्याची रात्र महिन्यागणिक लांबत जाते आणि आईची सुटका होते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची वाट उलटी असते. दिवस आणि रात्र यांचा मेळ घालणारे मेंदूतले घड्याळच त्या रोगात बिघडत जाते. तो दुपारी पेंगतो आणि मध्यरात्री कपडे करून "ऑफिसला उशीर होतोय" म्हणून दाराशी उभा राहतो.

"सवय झाली आहे हो आता," असे ही मंडळी हसून सांगतात, आणि आपणही ते ऐकून समाधान मानतो. या वाक्यावर विश्वास ठेवू नये असे मी आपल्याला विनवतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. निरोगी तरुणांना चौदा रात्री कमी झोपू दिले, काहींना सहा तास, काहींना चार. दोन आठवड्यांच्या अखेरीस त्यांच्या अवधानाची चाचणी घेतली तेव्हा, एक किंवा दोन रात्री मुळीच न झोपलेल्या माणसाइतका त्यांचा तोल गेलेला आढळला. आणि त्यांना स्वतःला काय वाटत होते? थोडीशी पेंग आहे, बाकी सर्व ठीक आहे. सवय होते ती थकवा न ओळखण्याची. थकवा तसाच राहतो.

१९९७ साली ऑस्ट्रेलियात असे मोजले गेले की, सतरा तास सलग जागे असलेल्या माणसाचा हात आणि डोळा यांचा मेळ, रक्तात शेकडा ०.०५ मद्यार्क असलेल्या माणसाइतका ढळतो. आपल्या मोटारवाहन कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर मद्यार्क आढळला तर गाडी चालवणे हा गुन्हा ठरवला आहे. आणि हे प्रमाण ५० मिलिग्रॅमचे झाले. आता साधा हिशेब करा. पहाटे पाचला उठलेली सून रात्री दहाला सासऱ्यांच्या इन्शुलिनची सुई भरते, तेव्हा तिला जागून बरोबर सतरा तास झालेले असतात. गाडीच्या चाकावर ज्या अवस्थेतल्या माणसाला कायदा बसू देणार नाही, त्या अवस्थेतल्या बाईच्या हाती आपण रोज रात्री औषधाचे माप देतो, आणि वर तिचे कौतुक करतो.

शरीरही हिशेब ठेवते. अमेरिकेतील ओहायो राज्यात स्मृतिभ्रंशाच्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या तेरा स्त्रियांच्या हातावर वैद्यांनी अगदी लहानशी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजले. त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा त्यांना सरासरीने नऊ दिवस अधिक लागले. हा निबंध १९९५ सालचा. १९९९ सालचा दुसरा एक निबंध सांगतो की, आजारी जोडीदाराची सेवा करताना जे वृद्ध ताणाखाली होते, त्यांच्यात चार वर्षांतील मृत्यूचे प्रमाण सेवेचा भार नसलेल्या वृद्धांपेक्षा शेकडा ६३ ने अधिक होते. यांत सारा दोष झोपेचाच असे कोणी म्हणणार नाही; चिंता, एकटेपणा, स्वतःच्या औषधपाण्याची हेळसांड हेही त्यात आहेत. पण या सगळ्यांचा मुक्काम रात्री एकाच अंथरुणावर असतो.

आंध्रातील स्त्रियांच्या गीतांत ऊर्मिलेच्या निद्रेची एक कथा आहे. वनवासात रामसीतेच्या रक्षणासाठी लक्ष्मणाने चौदा वर्षे न झोपण्याचे ठरवले. त्याने निद्रेला विनवले की, तू माझ्या वाट्याची ऊर्मिलेकडे जा. आणि ऊर्मिला राजवाड्यात चौदा वर्षे झोपून राहिली. त्या अनाम गाणाऱ्या बायकांच्या शहाणपणाला मी मनोमन नमस्कार करतो. झोपेचे कर्ज माफ होत नाही, ते कोणीतरी फेडावेच लागते, हे त्यांनी ओळखले होते. लक्ष्मणासारख्या वीराचीही झोप त्यांनी हवेत विरू दिली नाही. तिचा जमाखर्च नीट मांडून ठेवला.

आता एक नाजूक गोष्ट. ती चारचौघांत बोलली जात नाही, म्हणून व्यासपीठावरून बोलणे भाग आहे. महिनोन्‌महिने न झोपलेल्या माणसाच्या मनात जे येऊ नये ते येते. आईने तिसऱ्यांदा चादर ओली केली की शब्द कठोर निघतो. एखादे वेळी हातही उगारला जातो. "देवा, यांना सोडव आता," असे ओठांवर येते, आणि लगेच मन विचारते, कोणाला सोडव? त्यांना की मला? सकाळी त्याच माणसाला स्वतःचे तोंड आरशात पाहवत नाही. मग तो प्रायश्चित्त म्हणून पुढच्या रात्री अधिकच जागतो, आणि चक्र पुरे होते. मारहाणीचे समर्थन कोणी करू नये. रुग्णाचे रक्षण हे झालेच पाहिजे. पण त्या रात्रीचा सर्व दोष त्या एकट्या माणसाच्या स्वभावावर टाकून बाकीचे नातेवाईक मोकळे होतात, ते मला मान्य नाही. स्वभाव हा पुष्कळदा झोपेचा दुसरा नंबरचा भाऊ असतो.

हा भार कोणावर आहे, हेही स्पष्ट बोलू. भारत सरकारने २०१९ साली घेतलेल्या वेळेच्या पाहणीत, घरातल्या माणसांची देखभाल करण्यात दिवसाचा काही वेळ जातो असे सांगणाऱ्या स्त्रिया शेकडा २७.६ निघाल्या आणि त्यांचा सरासरी वेळ १३४ मिनिटांचा. पुरुष शेकडा १४ आणि त्यांचा वेळ ७६ मिनिटांचा. यात मुलांची देखभालही आली. स्वयंपाक, धुणे, पाणी भरणे हे सगळे याशिवाय. आणि ब्युरोकडून येणारी जी मावशी चोवीस तास घरात राहते, तिला आपण सोयीस्करपणे विसरतो. सुनेची झोप वाचवण्यासाठी आपण जिला पैसे देऊन जागवतो, तिलाही शरीर आहे. बारा तासांची पाळी ठरवून चोवीस तास राबवून घेणे म्हणजे थकवा दूर करणे नव्हे, तो एका गरीब बाईच्या अंगावर सरकवणे आहे.

"सेवा हा धर्म आहे, त्यात थकल्याची भाषा कशाला?" असा आक्षेप इथे येईल. तो मनापासून येतो, म्हणून त्याचे उत्तर आदराने दिले पाहिजे. सेवेचा आदर्श म्हणून आपण पुंडलिकाकडे बोट दाखवतो. तो आईबापांचे पाय चेपत होता, प्रत्यक्ष परमेश्वर दारी आला, आणि त्याने वीट फेकून देवाला थांबायला सांगितले. या कथेत आपण नेहमी पुंडलिकाची भक्ती पाहतो. मी आपल्याला जरा पाहुण्याकडे पाहायला सांगतो. देव दारात मुकाट्याने उभा राहिला. "काय झाले, कसे झाले" म्हणून त्याने पुंडलिकाला उठवले नाही. चहा टाकायला लावला नाही. "आमच्या ओळखीत असाच एक होता, तो गेला बरं का" अशी हकीकत सांगितली नाही. रुग्णाच्या घरी भेटीला जाणाऱ्या प्रत्येकाने विठ्ठलाच्या मूर्तीकडे या दृष्टीने एकदा पाहावे. सेवा हा धर्म खराच. पण तो एकाच माणसाचा धर्म आणि बाकीच्यांचे कौतुक, अशी वाटणी कोणत्याही संताने केलेली नाही.

मग करायचे काय? प्रथम घरातले सांगतो.

पहिली गोष्ट, जागणाऱ्याला दर रात्री ठरावीक वेळी निदान चार तासांची न मोडणारी झोप मिळाली पाहिजे. १९८१ साली मँचेस्टरच्या दोन संशोधकांनी दाखवले की, बाकीची झोप वेळी-अवेळी झाली तरी चार तासांचा एक तुकडा रोज त्याच वेळी मिळाला तर शरीराचे घड्याळ पुष्कळसे जागेवर राहते. चार तास ही पुरी झोप नव्हे. तो नांगर आहे. त्या वेळात दार बंद असावे, खोली निराळी असावी, आणि कान दुसऱ्या कोणाचा असावा. दुसऱ्याचा कान आहे याची खात्री झाल्याखेरीज झोप खोल जात नाही, हे मघाशी आपण पाहिलेच.

दुसरी गोष्ट, रुग्ण रात्री का उठतो हे डॉक्टरांना अवश्य विचारा. पुष्कळदा कारण साधे असते. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जाते, ती सकाळी देता येईल काय? दुखणे रात्री वाढते, त्याचे औषध निजण्यापूर्वी बसेल काय? दिवसा खिडकीशी उजेडात बसवणे आणि दुपारची झोप आटोक्यात ठेवणे यांनीही फरक पडतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, हा नियम आपण घोकतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वृद्धाश्रमातील रुग्णांना चांगल्या दाट फोमची गादी दिल्यावर दोन, तीन वा चार तासांनी वळवण्यात पाठीच्या जखमांच्या दृष्टीने फरक दिसला नाही. याचा अर्थ प्रत्येकाने आपल्या मनाने वळवणे कमी करावे असा नाही. तुमच्या रुग्णाची कातडी पाहून, गादी पाहून, रात्रीचे अंतर किती वाढवता येईल हे परिचारिकेला विचारावे, एवढाच आहे. एका चांगल्या गादीने एका माणसाची रात्र परत मिळत असेल तर ती गादी महाग नाही.

तिसरी गोष्ट वहीची. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात एक सबंध प्रकरण यावर खर्च केले आहे की, तुम्ही असताना जे होते ते तुम्ही नसतानाही होईल अशी व्यवस्था कशी लावावी. आपल्याकडे १९०९ साली निघालेल्या पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली, शुश्रूषा ही स्त्रियांनी शिकण्याची विद्या आहे हे समाजाला पटवले. विद्या असेल तर ती लिहून देता येते. कोणती गोळी केव्हा, पाणी कसे पाजायचे, रात्री घाबरल्या तर कोणते नाव घेऊन हाक मारायची, हे एका वहीत लिहून ठेवले की "माझ्यावाचून त्यांचे होतच नाही" हे वाक्य हळूहळू खोटे पडू लागते. ते खोटे पडण्याचे थोडे दुःखही होते, हे मी जाणतो. पण त्या दुःखापेक्षा झोप मोठी.

चौथी गोष्ट, संधी मिळूनही झोप येईनाशी होते त्यांच्याविषयी. वर्षभर दचकून उठलेले शरीर शांत रात्रीही दचकते. अशा वेळी रुग्णाच्या डब्यातली झोपेची गोळी घेऊ नये. त्या गोळीने हाक ऐकू येईनाशी होते, आणि उठलेच तर तोल जातो. अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१६ साली दीर्घ निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून औषधाऐवजी सवयी आणि विचार यांची शिस्तबद्ध चिकित्सा सुचवली. तिच्यातला साधा भाग असा: झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जावे, वीस-एक मिनिटे तळमळ झाली तर उठून दुसऱ्या खोलीत बसावे, आणि उठण्याची वेळ बदलू नये. दुपारनंतरचा चहा कमी करावा. त्यातल्या कॅफीनचा निम्मा अंश सुमारे पाच तासांनंतरही अंगात असतो.

परंतु हे सगळे घरात दुसरे माणूस आहे असे धरून झाले. जिथे सत्तरीची पत्नी आणि पंचाहत्तरीचा पती एवढीच दोघे आहेत, तिथे घराबाहेरच पाहावे लागते. इंग्लंडमध्ये मेरी वेबस्टर या धर्मोपदेशिकेने वृद्ध आईबापांच्या सेवेसाठी १९५४ साली आपले काम सोडले. पुढे १९६३ साली तिने वृत्तपत्रांना पत्रे लिहिली, तेव्हा तिच्यासारख्या शेकडो अविवाहित मुलींची उत्तरे आली, आणि १९६५ साली त्यांची संघटना उभी राहिली. सेवा करणारा हा स्वतंत्र माणूस आहे, हा विचार तिथून कायद्यापर्यंत गेला. २०१४ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये अशा माणसाला स्वतःच्या गरजांची पाहणी करून घेण्याचा हक्क आहे. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली दीर्घ शुश्रूषेचा विमा सुरू केला. जर्मनीत सेवेकऱ्याने सुट्टी घेतली तर बदली माणसाचा खर्च विमा देतो. जपानात रुग्णाला दिवसापुरते किंवा काही रात्रींपुरते केंद्रात ठेवता येते. आपल्याकडे २००७ सालच्या कायद्याने आईवडिलांना निर्वाहासाठी पैसे मिळवून देण्याची सोय केली. ती हवीच होती. पण त्या कायद्यात कोणाच्याही रात्रीची सोय नाही.

तरीही देशी उदाहरणे आहेत. कालिकत येथे १९९३ साली सुरू झालेल्या वेदनाशामक शुश्रूषेच्या कार्यातून केरळात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले, आणि २००८ साली तेथील सरकारने ते आपल्या धोरणात घेतले. मुंबईस वांद्र्याला १९८६ पासून आणि पुण्यास वारजे येथे १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या कुटुंबीयांना आधार देणाऱ्या संस्था आहेत.

आणि आपल्या गावाला हे जमणार नाही असे कोण म्हणेल? दरवर्षी गणेशोत्सवात मांडवातल्या मूर्तीपाशी रात्री कोणी बसायचे याचे तक्ते प्रत्येक गल्लीत लागतात. दहा ते एक हा, एक ते चार तो. दहा रात्री तरुण मुले हौसेने जागतात, कोणाचीही पाळी चुकत नाही. पाळी लावण्याची विद्या आपल्याला पूर्ण येते. ती आपण मांडवातून उचलून, त्याच गल्लीतल्या, रात्रभर दिवा जळणाऱ्या एका घरापर्यंत न्यायची आहे. आठवड्यातून एक रात्र, रात्रीतला एक प्रहर. याहून जास्त काही मी मागत नाही.

शेवटची विनंती भाषेविषयी आहे. अशा घरातून निघताना आपण दारात म्हणतो, "काही लागले तर सांगा हं." हे वाक्य सद्‌भावनेचे असते, पण त्याने ओझे त्या थकलेल्या माणसावरच पडते, काय लागते ते त्यानेच ठरवायचे, त्यानेच तोंड उघडून मागायचे, त्यानेच मिंधे व्हायचे. त्याऐवजी असे म्हणून पाहा: "गुरुवारी रात्री दहा ते दोन मी बसतो. वही कुठे ठेवता ते दाखवा, आणि तुम्ही दार लावून झोपा." पहिल्या वेळी ते नको म्हणतील. दुसऱ्या गुरुवारी पुन्हा जावे.